मरीबाच्या खडकापाशी चूक एकट्या मोशेचीच होती का?

प्रवरेकाठचा
काल एका उपदेशकाची पोस्ट आमच्या मंडळीच्या ग्रुपवर फिरत होती. मथितार्थ असा: मिसरातून निघालेले इस्राएली लोक रानात मरीबापाशी तहानले, पाण्यासाठी देवाने खडकाशी बोलायला सांगितलं, त्यांचा पुढारी मोशे याने काठी मारली, एक आज्ञा मोडली आणि कनान, म्हणजे देवाने वचन दिलेला देश, त्याच्या हातून गेला. म्हणून वरून आलेला शब्द मंडळीने निमूट पाळावा. खाली 'आमेन'ची रांग. मला रात्री झोप लागली नाही.

चाळीस वर्षांच्या सेवेचा हिशेब एका ओळीत करून टाकायचा? बायबलच्या निर्गम पुस्तकात, अध्याय 17 मध्ये, रफीदीमला याच माणसाला 'खडकावर काठी मार' असंच सांगितलं होतं. मरीबाची गोष्ट आहे त्या गणना पुस्तकाच्या 20 व्या अध्यायातही पहिली आज्ञा 'काठी घे' हीच आहे. मारायची नव्हती, तर हातात दिली कशाला? लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हा 'यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक' असं म्हणणारा हाच. कनान बघायला गेलेले हेर परत आले आणि लोक बिथरले तेव्हा 'यांना संपवतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो' हे देवाचं बोलणं नाकारणाराही हाच. 'हे सगळे लोक मी पोटात वाढवले का? त्यापेक्षा मला मारून टाक' असं म्हणण्याची पाळी त्याच्यावर कोणी आणली? लोकांनीच. 'अनुवाद' या बायबलच्या पुस्तकात तो स्वतः तीनदा सांगतो, 'तुमच्यामुळे परमेश्वर माझ्यावर रागावला.' स्तोत्र 106 सुद्धा तेच म्हणतं. त्या पोस्टमध्ये लोकांच्या वाट्याची चूक कुठेच नाही.

जुना पंच
सर, तुमचा मान ठेवून सांगतो, अर्धंच वाचलंत. त्याच स्तोत्रात पुढच्याच ओळीत आहे की तो तोंडाने अविचाराने बोलला. चूक काठीपेक्षा जिभेची. 'ऐका बंडखोरांनो, तुमच्यासाठी आम्ही या खडकातून पाणी काढावं काय?' यातला 'आम्ही' कोण? पाणी कोण देत होतं? तो एक शब्द पुढाऱ्याच्या तोंडात आला की मी खुर्ची सोडतो. मी एका संस्थेच्या पंचमंडळात अकरा वर्षं होतो. विहीर लोकवर्गणीची, खोदली गावाने, आणि उद्घाटनाला अध्यक्ष म्हणाले, 'आम्ही तुम्हाला पाणी दिलं.' त्या दिवशी राजीनामा दिला. आणि 'लोकांमुळे माझ्यावर वेळ आली' हे तर प्रत्येक पुढारी म्हणतो.

प्रवरेकाठचा
तुमचा अध्यक्ष आणि मोशे एका तागडीत? आमच्या घरी कोणी असं बोललं असतं तर वडिलांनी ताटावरून उठवलं असतं.

शनवार तेल्याची नात
'आम्ही' या शब्दावर बोट ठेवणारे पंचकाका पहिले नाहीत. आमच्या जुन्या ज्यू भाष्यकारांपैकी रब्बेनू हनानेल यांचं म्हणणं तेच होतं आणि रामबान यांनीही ते उचलून धरलं. राशी या भाष्यकारांच्या मते चूक मारण्यात, रामबाम यांच्या मते रागात. इतक्या मोठ्या लोकांचं एकमत नाही आणि तुमच्या उपदेशकाला एका ओळीत उत्तर सापडलं!

पण मला वेगळंच सलतं. तुम्ही दोघंही गणना 20 दुसऱ्या वचनापासून वाचायला लागलात. पहिलं काय आहे? 'तेथे मिर्याम मेली आणि तिला तेथेच पुरले.' मिर्याम म्हणजे मोशे आणि अहरोनची बहीण. संपलं. लगेच, 'मंडळीला पाणी नव्हते.' अहरोन होर पर्वतावर गेला तर तीस दिवस शोक. मोशे गेला तर मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक. मिर्यामसाठी एक दिवसही लिहिलेला नाही. आमच्याकडे तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या आधाराने सांगतात की रानातली विहीर मिर्यामच्या पुण्याईने होती, मेघ अहरोनच्या आणि मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मोशेच्या. ती गेली आणि विहीर आटली. घसा कोरडा पडेपर्यंत कोणाला कळलं नाही की कोण गेलं.

माझी आत्या लग्न न करता राहिली, चार भावंडांची घरं तिनेच सावरली. ती गेली तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, 'शोकाला सात दिवस कशाला बसायचं, तिला पोरंबाळं कुठे होती?' पपांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, भाड्याची पावती कुठे आहे, आणि पपांनी हातातला पेला भिंतीवर फेकला. तेव्हापासून हुक्कतचा परिच्छेद, ज्यात हा अध्याय येतो, सिनेगॉगमध्ये वाचतात, तेव्हा मला तो पेला ऐकू येतो. ज्या बहिणीने लव्हाळ्यात ठेवलेल्या बाळ मोशेच्या पेटीवर नजर ठेवली, तिला पुरून मोशे उभा होता. त्याला कोणी काय विचारलं? पाणी कुठाय.

जुना पंच
ताई, आत्याबाईंबद्दल वाईट वाटलं. पण दुःखाला सूट द्यायची तर मिर्यामचंही विसरू नका. कूशी बायकोवरून मोशेविरुद्ध कुजबुज तिनेच केली.

शनवार तेल्याची नात
तिने *आणि अहरोनने*. गणना 12 उघडा. कोड कोणाला फुटलं? एकट्या तिला. अहरोनला काय? वासरू घडवून वर महायाजक, इथे कुजबुज करून वर अंगावर डागही नाही. दोघांनी मिळून केलेल्या चुकीला छावणीबाहेर एकीनेच बसायचं, हे मला लहानपणापासून खुपतं आणि 'नियमच तसा' या उत्तराने माझं समाधान होत नाही.

जुना पंच
महायाजकाला कोड फुटलं असतं तर यज्ञ कोणी केला असता? कारण असतं हो प्रत्येक गोष्टीला.

शनवार तेल्याची नात
म्हणजे ज्याच्यावाचून अडतं त्याला माफी. हेच तुमच्या त्या अध्यक्षाला लावून बघा, काका.

बहात्तरचा साक्षीदार
तुम्ही सगळे पुढाऱ्यांचंच बोलताय. तहानलेल्यांचं कोणी बोलेल का? बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्या बहिणीला घेऊन टँकरची वाट बघायचो. टँकर आला नाही की बायका मुकादमाला वाटेल ते बोलायच्या. तो म्हणायचा, 'माजलेत सगळे.' माजलेले? जिभा सुकल्या होत्या.

आता सर, राग मानू नका, पण तुम्ही म्हणता लोकांनी चाळीस वर्षं छळलं. कोणत्या लोकांनी? हेरांच्या प्रकरणात काय ठरलं होतं? वीस वर्षांच्या वरचे सगळे रानात पडणार, कालेब आणि यहोशवा सोडून. हा मरीबा शेवटच्या वर्षातला. खडकासमोर उभे होते ते त्यांची पोरं. त्यातली कित्येक रानातच जन्मलेली, मिसर बघितलेलीसुद्धा नाहीत. आणि मोशे त्यांना हाक काय मारतो? 'बंडखोरांनो.' बापाचं नाव पोराला.

आणि एक बघा. कोरहाने मोशेविरुद्ध केलेल्या बंडानंतर मरीत, म्हणजे साथीत, 14,700 मेले. या मरीबाला मात्र देव लोकांवर रागावल्याची ओळच नाही. मरी नाही, साप नाहीत, ते पुढच्या अध्यायात. तो म्हणतो, त्यांना आणि त्यांच्या गुराढोरांना पाणी दे. रागावला तो फक्त मोशे. म्हणून मला वाटतं कनान काठीमुळे गेला नाही. नव्या पिढीकडे जुन्या रागाने बघणारा माणूस तिला पलीकडे नेऊ शकत नव्हता.

प्रवरेकाठचा
दादा, हे तुम्ही फार सहज बोललात. त्या पोरांची भाषा बापांचीच होती. 'मिसरातून का आणलं? इथे अंजीर नाही, द्राक्षं नाहीत.' मिसर न बघता मिसरासाठी रडत होती. चौतीस वर्षं वर्ग घेतले मी. शेवटच्या वर्षी एका पोराने उलट उत्तर दिलं आणि मी त्याच्या बापाचं नाव घेऊन ओरडलो. बापही माझाच विद्यार्थी होता. पोराची चूक होतीच. पण...

ठीक आहे. 'बंडखोर' हा शब्द त्यांचा नव्हता, एवढं मान्य. शिक्षा मात्र मला आजही जड वाटते. नबो डोंगरावरून सगळा देश दाखवायचा आणि पाय ठेवू द्यायचा नाही. 'पुरे, याविषयी पुन्हा बोलू नको' हे उत्तर ऐकून मोशे गप्प बसला असेल, मला नाही बसवत.

जुना पंच
शिक्षा योग्यच होती, यावरून मी हलणार नाही. अहरोनच्या बाबतीत ताईंना माझ्याकडे उत्तर नाही, हे खरं.

ताई, एक राहिलं. त्याच बाराव्या अध्यायात शेवटी आहे, मिर्याम सात दिवस छावणीबाहेर होती आणि ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही. सगळी मंडळी थांबली होती.

शनवार तेल्याची नात
माहीत आहे, काका. जिवंत होती तेव्हा थांबले. आम्हीही आत्यासाठी सात दिवस बसलो, त्या नातेवाइकाला न विचारता.