रोज चालवायला जुनी स्पोर्ट्स कार: हौस की गाडीचा छळ?

उघडं_टप
काल इथे एकाने लिहिलं, "पंचवीस वर्षांपेक्षा जुनी स्पोर्ट्स कार रोज कामावर नेणारा माणूस गाडीचा मारेकरी आहे. ती रविवारी कोरड्या रस्त्यावर काढायची, बाकी दिवस कव्हरखाली." वाचून गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

गाड्या चालवून मरत नाहीत हो, उभ्या राहून मरतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि कॅलिपरचे पिस्टन आतून गंजून जाम होतात. कार्बुरेटरमधलं पेट्रोल सुकतं, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, चिकट थर बसतो. सील कोरडी पडून गळायला लागतात. रविवारची दहा मिनिटांची फेरी तर त्याहून वाईट, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि ऑइलमधलं, सायलेन्सरमधलं पाणी तिथेच राहतं.

मी नऊ वर्षं पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ रोज चालवतोय. गाडी १९८९ मध्ये बाजारात आली ती फ्युएल इंजेक्शन घेऊनच, आणि सुरुवातीच्या गाड्या हजार किलोच्या आत. १.६ इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) तुटला तर गाडी थांबते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. पोर्शे ९४४ मध्ये तोच बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन खोलावं लागतं. रोजची गाडी निवडताना हे बघायचं. बोनेटवरचा बिल्ला नंतर.

पत्रा_आणि_पुटी
ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेत नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्र्याचं काय? माझी जुनी कूपे अकरा वर्षं रोज पावसात चालली. वरून रंग चकाचक. एकदा चाक बदलायला जॅक लावला, तर गाडी उचललीच नाही, जॅकच सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, घुसला. हाताने चाचपलं तर ओल्या बिस्किटासारखे तुकडे खाली पडले. पाच महिने वेल्डिंग चाललं होतं. तुम्ही मला सील आणि जेट शिकवू नका.

उघडं_टप
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण त्या अकरा वर्षांत खालून किती वेळा धुतली? सिलच्या पोकळीत मेण कधी मारलं? एमएक्स-५ चं हूड, म्हणजे दुमडतं छप्पर, मागे जिथे मिळतं तिथे पाणी जायला दोन्ही बाजूंना नळ्या आहेत. पानं-कचरा अडकला की पाणी तुंबतं, सिलमध्ये उतरतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून सडतो. मी दर दोन महिन्यांनी मऊ प्लास्टिकची तार घालून त्या साफ करतो. पाच मिनिटांचं काम.

दोन_एसयू
एमएक्स-५ चांगली गाडी आहे, पण तिला क्लासिक म्हणताना माझी जीभ अडखळते. रोजची क्लासिक म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० बनली, पाच लाखांहून जास्त. १७९८ सीसीचं साधं इंजिन, दोन एसयू कार्बुरेटर. सुटे भाग इतके मिळतात की १९८८ पासून पूर्ण बॉडीशेल, म्हणजे गाडीचा अख्खा पत्र्याचा सांगाडासुद्धा नव्याने बनवून मिळते! पत्र्याचं रडगाणं गाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. आणि बिघडली तर रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) काढा, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी लावा, चला पुढे.

ठिणगी
पॉइंट?! रोजच्या गाडीत पॉइंट? चेष्टा वाटते का? भर पावसात, रात्री, ट्रक अंगावरून पाणी उडवत जातायत आणि मी तोंडात टॉर्च धरून डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगी सिलिंडरांना वाटणाऱ्या डब्यात) पॉइंटचा तो केसाएवढा स्क्रू शोधतोय, हे मी केलंय. दुसऱ्या दिवशी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. सहा वर्षं झाली, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडलेली नाही.

दोन_एसयू
सहा वर्षं टोपी उघडली नाही हे अभिमानाने सांगताय? रोटर आणि कार्बन ब्रश कोण बघणार? पॉइंट मरायच्या आधी सांगतात. गाडी अडखळते, आयडल बिघडतो, तुम्ही घरापर्यंत पोचता. तुमचं इलेक्ट्रॉनिक मॉड्युल जातं तेव्हा एका क्षणात जातं. माझ्या मित्राची गाडी अशीच टोचन करून आणली, आणि दोरी ओढणारा मी होतो.

ठिणगी
मित्राने इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू सोडलं असेल. बरीच जुन्या प्रकारची मॉड्युलं तशीच जळतात. चूक वापरणाऱ्याची, नाव यंत्राचं. आणि पॉइंटसोबत लागणाऱ्या तुमच्या लाडक्या कंडेन्सरबद्दल बोला की! हल्ली मिळणारे कित्येक कंडेन्सर गरम झाले की दगा देतात. थंड झाल्यावर गाडी पुन्हा चालू, म्हणून माणूस आठवडाभर पेट्रोल पंप आणि कार्बुरेटर उघडत बसतो.

दोन_एसयू
कोणी एक मॉड्युल बसवून मेकॅनिक होत नाही.

ठिणगी
आणि कोणी फीलर गेज खिशात ठेवून हुशार होत नाही.

मागची_सीट_नाही
तुम्ही दोघं त्या टोपीतच अडकलात. मी दीड वर्ष जुनी रोडस्टर रोज नेली आणि मग सोडली, ती ना गंजामुळे ना ठिणगीमुळे. एबीएस नाही, एअरबॅग नाही, डोक्यामागे आधार नाही. पुढची नवी गाडी जिथे थांबते तिथे मी थांबू शकत नाही, म्हणून अंतर ठेवते, आणि त्या अंतरात तिसरा घुसतो. रोज, दोन्ही वेळा. सुरुवातीच्या एमजीबीत तर ब्रेकचं सर्किट एकच. एका ठिकाणी गळती झाली की पॅडल खाली आणि चारही चाकं मोकळी. दुहेरी मास्टर सिलिंडर (ब्रेकची दोन वेगळी सर्किटं चालवणारा) बसवल्याशिवाय असली गाडी रोज चालवू नका, हे कळकळीने सांगते. "अस्सलपणा" इथे नको.

उघडं_टप
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुलगी पाच वर्षांची झाल्यावर घरात हाच वाद झाला. तिला शाळेत सोडायला ही गाडी नेत नाही, दुसरी नेतो. "रोज" म्हणताना हे आधी सांगायला हवं होतं.

पत्रा_आणि_पुटी
म्हणजे दुसरी गाडी आहेच! मग तुमचं "रोज" आणि माझं "रविवार" यात फरक तरी कितीसा? नळ्यांचं मात्र माहीत नव्हतं, तेवढं घेतो. "मारेकरी" ऐवजी "निष्काळजी" लिहा हवं तर. पावसाबद्दलचं मत तेच.

ठिणगी
@दोन_एसयू, रात्री विचार केला. डिकीत पॉइंट बसवलेली जादा प्लेट ठेवीन. लावणार नाही, ठेवीन.

दोन_एसयू
ठेवा. कंडेन्सर जुना, तपासलेला ठेवा. नव्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझेही दोन गेलेत.