अमेरिकेत इतकी माणसं तुरुंगात का? गुन्हे जास्त की कायदे जास्त?

नीलपंख:
मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा जेमतेम ४-५ टक्के, आणि जगभरातल्या कैद्यांपैकी साधारण पाच-सहातला एक तिथे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यांच्या आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते, २००९ पर्यंत ते १६ लाखांच्या घरात गेले, आणि यात काउंटी जेल, म्हणजे जिल्ह्यांचे स्थानिक तुरुंग, धरलेलेच नाहीत. लोकसंख्या काही आठपट झाली नाही ना.

परवा येट्स नावाच्या फ्लोरिडातल्या मच्छीमाराची केस वाचली आणि झोपच उडाली. २००७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्याच्या बोटीवर ठरलेल्या मापापेक्षा लहान मासे सापडले, अधिकाऱ्याने ते बंदरावर आणायला सांगितले, याने मधेच ते पाण्यात टाकून दुसरे ठेवायला लावले. चूक केली, दंड करा, लायसन्स काढून घ्या. पण त्याच्यावर कलम लावलं ते एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर २००२ मध्ये आलेल्या कायद्यातलं, कंपन्यांनी पुरावे नष्ट करू नयेत म्हणून केलेलं, ज्यात २० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते! २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला त्या कलमाखाली दोषी ठरवणं रद्द केलं, पण तेही ५ विरुद्ध ४. म्हणजे चार न्यायमूर्तींना ते कलम माशांनाही लागू होतं असं वाटलं. तोवर त्याची ३० दिवसांची कैद भोगूनही झाली होती. मला ग्रीन कार्ड मिळून फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे इथल्या लोकांना विचारतो, हे असंच चालतं का?

कलमदान:
चांगला विषय काढलात. कायदे भरमसाट आहेत हे खरंच. फेडरल गुन्हे एकूण किती, हे सरकारला स्वतःलाही नेमकं सांगता येत नाही, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्याय खात्याने मोजायला घेतलं होतं आणि शेवटी साधारण ३,००० असा अंदाजच हाती लागला, आणि तेव्हापासून त्यात भरच पडत गेलीय. पण माझ्या मते खरी मेख दुसरीकडे आहे. इथे खटला चालतच नाही हो! फेडरल कोर्टात दोषी ठरलेल्यांपैकी जवळपास ९७ टक्के लोक स्वतः गुन्हा कबूल करून आत जातात, राज्यांतही आकडा त्याच आसपास. ज्युरी, साक्षीपुरावे, उलटतपासणी, हे सगळं आपण सिनेमात बघतो तेवढंच.

आणि लोक कबूल का करतात ते बघायचं असेल तर केंटकीतली हेजची केस वाचा. ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक. त्या गुन्ह्याला शिक्षा २ ते १० वर्षं. सरकारी वकील म्हणाला कबूल कर, ५ वर्षं मागतो, आणि खटला चालवायचा हट्ट धरलास तर तुझे आधीचे दोन गुन्हे काढून सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेज खटल्याला उभा राहिला, हरला, जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं सांगितलं की सरकारी वकिलाने यात काही बेकायदा केलं नाही. गुन्हा तोच, चेक तोच, फक्त घटनेने दिलेला हक्क मागितला म्हणून ५ वर्षांच्या जागी जन्मठेप झाली. मला हा निकाल वाचून आजही संताप येतो. कायद्यांची संख्या घातक होते ती इथे, कारण एकाच कृत्यावर पाच-सहा कलमं लावता येत असली की सरकारी वकिलाकडे घासाघीस करायला तेवढी हत्यारं येतात, आणि न्यायाधीश नुसता शिक्का मारायला उरतो.

सुमेधा_पा:
कलमदान, अगदी बरोबर. मी इथल्या एका काउंटी जेलमध्ये बारावीच्या तोडीच्या परीक्षेसाठी गणित शिकवायला जाते, व्हॉलंटियर म्हणून. माझ्या वर्गातले बरेचजण अजून दोषी ठरलेलेच नसतात. देशभरात काउंटी जेलमधले साधारण दोन तृतीयांश लोक असेच आहेत, कोणी नुकतं पकडलेलं, कोणी जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेलं.

एक पोरगा होता, विशीतला असेल. आत पेन मिळत नाही, बोटभर लांबीची पेन्सिल देतात, मागे रबरही नसतं. मी अपूर्णांकांची गणितं दिली होती तर तो कागदाच्या मागे स्वतःचाच हिशोब मांडत बसला होता, घरभाडं किती थकलं, गोदामातली नोकरी किती दिवस थांबेल, मुलीच्या आईला किती द्यायचे राहिलेत. त्याला ऑफर होती की आज सही कर, जितके दिवस आत काढलेस तेवढीच शिक्षा, संध्याकाळी घरी. नाहीतर खटल्याची तारीख काही महिन्यांनी. मला विचारत होता, मी त्याच्या ताईच्या वयाची म्हणून असेल कदाचित, की मी केलंच नाहीये तर सही कशी करू. मी काय सांगणार? मला तिथे केसबद्दल बोलायची परवानगीच नाही. पुढच्या आठवड्यात तो वर्गात नव्हता, सही करून गेला असं दुसऱ्याने सांगितलं. आता नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर, भाड्याच्या प्रत्येक अर्जावर ती सही त्याच्या मागे येणार.

आणि सही नाही केली तर काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. कॅलिफ ब्राउडर, न्यूयॉर्कचा, १६ वर्षांचा, २०१० मध्ये बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडला, ३,००० डॉलर जामीन घरच्यांना जमला नाही. तिथल्या रायकर्स आयलंड या बेटावरच्या जेलमध्ये तीन वर्षं काढली, त्यातली जवळपास दोन एकांतकोठडीत. कबूल कर आणि घरी जा म्हणाले तरी त्याने ऐकलं नाही. शेवटी सरकारने केसच मागे घेतली, खटला झालाच नाही. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. २२ वर्षांचा होता.

रोखठोक:
सगळं वाचलं, वाईट वाटतंच, पण दुसरी बाजूही बघायला हवी. राज्यांच्या तुरुंगांतले निम्म्याहून जास्त कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आत आहेत, ड्रग्जवाले साधारण सातात एक. म्हणजे गांजावाले सगळे सोडले तरी तुरुंग रिकामे होणार नाहीत. माझ्या आतेभावाच्या गॅस स्टेशनवर पिस्तूल दाखवून दरोडा पडलाय, तो माणूस आत आहे म्हणून माझी वहिनी रात्री काउंटरवर उभी राहू शकते. १९६० पासून १९९१ पर्यंत हिंसक गुन्हे खूप वाढले होते, लोक घाबरलेले होते, कडक कायदे मागणारे काय सगळे दुष्ट होते? ओरेगॉनने २०२० मध्ये मतदान घेऊन ड्रग्ज बाळगणं गुन्ह्यातून काढलं, रस्त्यांवरची अवस्था बघून २०२४ मध्ये परत गुन्हा केला.

कलमदान:
रोखठोक, तुमच्या आतेभावाला लुटणारा आत असावा यावर माझा तुमच्याशी वाद नाही. वाद आहे किती वर्षं यावर. १९९४ च्या क्राइम बिलाने राज्यांना तुरुंग बांधायला पैसे दिले, अट अशी की हिंसक गुन्ह्यातल्या कैद्याने शिक्षेचा ८५ टक्के भाग आत काढलाच पाहिजे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तीन गुन्ह्यांचा कायदा आला, म्हणजे तिसऱ्यांदा दोषी ठरलात की जबर शिक्षा, त्यात अँड्राडे नावाच्या माणसाला ९ व्हिडिओ कॅसेट चोरल्याबद्दल, किंमत सगळी मिळून दीडशे डॉलर, किमान ५० वर्षं लागली, आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. त्याचे आधीचे गुन्हे घरफोडीचे वगैरे, म्हणजे साधू नव्हता तो, पण कॅसेटसाठी ५० वर्षं? विशीत दरोडा घालणारा माणूस साठीत पिस्तूल घेऊन फिरत नाही, तरी आपण त्याला तोवर पोसतो. क्रॅकचंही (कोकेनचाच ओढायचा, स्वस्त प्रकार) तसंच, १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान ५ वर्षं, तीच पावडर कोकेनला ५०० ग्रॅमवर, आणि क्रॅकवर पकडले गेले ते बहुतांश काळे. २०१० मध्ये ते प्रमाण १८ ला १ वर आणलं, एकास एक अजूनही नाही.

नीलपंख:
सगळ्यांचे आभार, आणि रोखठोक, तुमचाही मुद्दा पटण्यासारखा आहे. पण माझ्यासारख्याने करायचं काय? मला तर मतही देता येत नाही.

सुमेधा_पा:
मत नसलं तरी कोर्टात जाऊन बसा. आरोपीला पहिल्यांदा उभं करतात आणि जामीन ठरवतात त्या सुनावण्या बहुतेक ठिकाणी सगळ्यांना खुल्या असतात, कोणाची ओळख लागत नाही, फोन मात्र बंद ठेवा. एकेका माणसाचा निकाल दोन-चार मिनिटांत लागतो, पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे गरीब आरोपीला सरकार देतं त्या वकिलाच्या, हातात फायलींचा गठ्ठा असतो आणि बऱ्याचदा अशिलाचं तोंड तो तिथेच पहिल्यांदा बघतो. ज्यांना मत आहे त्यांनी डिस्ट्रिक्ट अटर्नीची, म्हणजे स्थानिक मुख्य सरकारी वकिलाची, निवडणूक चुकवू नका, बहुतेक काउंटींत हे पद निवडून येतं आणि उमेदवार कित्येकदा एकच असतो. इलिनॉयने २०२३ मध्ये पैशाचा जामीनच बंद केला, असं करणारं ते पहिलं राज्य. आणि नीलपंख, गणित बरं असेल तर आमच्याकडे शिकवणारे कमीच आहेत, मेसेज करा, बॅकग्राउंड चेकला वेळ लागतो तेव्हा फॉर्म आत्ताच भरून टाकू.