स्पेनमधल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्स: तीन वर्षांची बीएस्सी चालते का? कागदपत्रं कोणत्या क्रमाने?

रानवाट:
भारतातली तीन वर्षांची बीएस्सी झाली आहे. पुढच्या सप्टेंबरला स्पेनच्या सरकारी विद्यापीठात मास्टर्स सुरू करायचं आहे. आधी पदवीचं 'ओमोलोगासिओन', म्हणजे स्पेनच्या सरकारची अधिकृत मान्यता, करून घ्यावं लागतं, असं काही जण सांगतात. काही म्हणतात गरज नाही. खरं काय? फी किती धरावी? अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) आधी की भाषांतर आधी?

दूरदेशी:
मास्टर्सच्या प्रवेशाला ओमोलोगासिओन लागत नाही. तुमची पदवी स्पेनच्या पदवीच्या पातळीची आहे आणि तिच्यावर भारतात पदव्युत्तर प्रवेश मिळतो, या दोन गोष्टींची विद्यापीठाने स्वतः खात्री करून घ्यायची, असा नियम आहे. बीएस्सीवर एमएस्सीला प्रवेश मिळतो, त्यामुळे तीन वर्षं हा आपोआप नकार नव्हे. पण निर्णय विद्यापीठाचा असतो. म्हणून 'या पदवीवर पदव्युत्तर प्रवेश मिळतो' असं पत्र आपल्या विद्यापीठाकडून आत्ताच घ्या. अर्ज अडतो तो बहुधा त्याच्यावाचून. ओमोलोगासिओन लागतं ते बारावीनंतर थेट 'ग्रादो'ला, म्हणजे तिथल्या पहिल्या पदवीला, जाणाऱ्यांना, शालेय शिक्षणाचं, किंवा वैद्यकीसारख्या नियंत्रित व्यवसायात काम करायचं असेल तर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अभ्यासक्रमाचं नाव नीट वाचा. सरकारी विद्यापीठंही दोन प्रकारचे मास्टर्स चालवतात. 'मास्तेर उनिव्हेर्सितारिओ' ही शासनमान्य पदवी. 'मास्तेर दे फोर्मासिओन पेर्मानेन्ते' ही त्या विद्यापीठाची स्वतःची; तिच्या जोरावर पीएचडीला प्रवेश मिळत नाही आणि तिची फीही सरकारी दराने ठरत नाही. संकेतस्थळावर दोन्ही शेजारी शेजारी असतात, माहितीपत्रकंही सारखीच दिसतात. शासनमान्य पदव्यांची 'रुक्त' नावाची राष्ट्रीय नोंदवही ऑनलाइन खुली आहे. त्यात नाव सापडलं नाही, तर पैसे भरू नका.

फी प्रांतिक सरकार दर क्रेडिटमागे ठरवतं. दक्षिणेच्या अंदालुसिया प्रांतात बहुतेक मास्टर्सना अनेक वर्षं 13.68 युरो हा दर आहे, म्हणजे 60 क्रेडिटचे 820.80 युरो. माद्रिदमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वेगळा, बराच चढा दर लागतो. तिथे तेवढ्याच क्रेडिटना पाच हजार युरोंच्या आसपास धरा. दर दरवर्षी जाहीर होतात, तेव्हा चालू वर्षाचं पत्रक बघा. नापास झालेला विषय पुन्हा घेतला की क्रेडिटमागचा दर वाढतो, तिसऱ्यांदा आणखी. झेपतील तेवढेच विषय घ्या.

शाईपेन:
अपॉस्टिल आधी, भाषांतर नंतर. उलटं केलं तर अपॉस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि तेच भाषांतर पुन्हा पैसे देऊन करावं लागतं. पदवी आणि गुणपत्रिका आधी राज्याकडून साक्षांकित करायच्या, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल, शेवटी 'त्रादुक्तोर खुरादो'कडून, म्हणजे स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. काही विद्यापीठं इंग्रजी कागद तसेच घेतात. त्यांना विचारून मगच भाषांतराचा खर्च करा.

दूरदेशींनी सांगितलेल्यात एक भर. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तुमची सरासरी 0 ते 10 या मापात बदलून घेता येते, तेही विनामूल्य. हा कागद जोडला नाही तर बऱ्याच ठिकाणी तुमचे गुण 5 धरतात, म्हणजे काठावर पास, आणि चांगले गुण असूनही यादीत खाली जाता.

अंदालुसियात सगळ्या सरकारी विद्यापीठांना मिळून एकच अर्ज असतो आणि परदेशी पदवीवाल्यांचा पहिला टप्पा बहुधा आदल्या हिवाळ्यातच उरकतो. उन्हाळ्यात बघू म्हणाल तर मोजक्या उरलेल्या जागा मिळतील. स्पॅनिशमधून शिकणार असाल तर सहसा बी2 ही भाषेची पातळी मागतात. देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेचा निकाल यायला काही महिने जातात, तेही या हिशेबात धरा. बार्सेलोनात किंवा वालेन्सियात काही विषय कातालान किंवा वालेन्सियानमध्ये असतात. प्रत्येक विषयाची भाषा त्याच्या 'गिया दोसेन्ते'त, म्हणजे विषयाच्या माहितीपत्रकात, लिहिलेली असते.

रानवाट:
दोघांचेही आभार, क्रम आता स्पष्ट झाला. व्हिसासाठी बँकेत किती दाखवायचे? आणि तिथे पोचल्यावर लगेच काय करायचं?

दूरदेशी:
'इप्रेम' या निर्देशांकाइतकी रक्कम दरमहा. तो 600 युरो आहे, म्हणजे वर्षाचे 7,200, फी वेगळी. आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येतं, पण ती संभाव्य कमाई इथे धरत नाहीत. विमा स्पेनमध्ये परवानगी असलेल्या कंपनीचा आणि उपचाराच्या वेळी स्वतः हिस्सा भरावा न लागणारा हवा. साध्या प्रवासविम्यावर अर्ज अडतो. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असल्याने पोलीस प्रमाणपत्रही लागतं, तेही अपॉस्टिल करून. ते फार आधी काढू नका, जुनं झालं तर पुन्हा काढावं लागेल.

पोचल्यापासून एका महिन्यात टीआयई या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा: एक्स-17 अर्ज, 790-012 या नमुन्याने शुल्क, फोटो, आणि बोटांच्या ठशांसाठी आधी घेतलेली वेळ. मोठ्या शहरांत ही वेळ पटकन मिळत नाही, म्हणून पोचल्या दिवसापासून शोधायला लागा. सोबत बहुतेक ठिकाणी 'एम्पाद्रोनामिएन्तो', म्हणजे नगरपालिकेतली पत्त्याची नोंद मागतात. काही घरमालक ही नोंद करू देत नाहीत. खोलीची अनामत देण्याआधीच त्यांच्याकडून होकार लेखी घ्या.