मदत हवी आहे: कोंबड्याचं पोट लालभडक, मागची जागाही खराब दिसतेय

आळशी_अंडं:
नमस्कार मंडळी. घरच्या कोंबड्याचं पोट आणि पंखाखालची कातडी लालभडक झालीये, बघणाऱ्याला वाटेल गरम पाणी सांडलंय अंगावर. मागच्या जागेलाही काहीतरी घाण चिकटलेली आहे. दोन दिवस कोरफड लावली, ढिम्म फरक नाही. घरात माणसांचं बुरशीवरचं मलम आहे ते लावू का? प्लीज लवकर सांगा. आणि डॉक्टरकडे न्या एवढंच लिहिणार असाल तर ते मलाही कळतं, पण पक्षी बघणारे डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत.

खुराडेवाला:
वय किती? सोबत कोंबड्या किती? खायला काय घालता? घाण म्हणजे पांढरी, पिवळी, काळी? वास येतो का? तुरा कसा आहे? फोटो टाका.

पिसारा:
ताई, मलम वगैरे काही नको. ॲपल सायडर व्हिनेगर, लिटरभर पाण्याला एक छोटा चमचा, आठवडाभर. माझ्या कोंबडीला मागून पांढरट चिकट यायचं, वास तर असा की खुराड्यात उभं राहवेना, तीही यानेच बरी झाली. फक्त पत्र्याच्या भांड्यात देऊ नका, आम्लाने पत्रा खराब होतो.

आळशी_अंडं:
ताई नाही, भाऊ. फोटो चढत नाहीये. वर्षाचा असेल, कोंबड्या सात, सगळ्यांना एकच लेअर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य. खातो, पितो, पहाटे सगळ्यांना उठवतो. वयाचा काय संबंध पण? मी कातडीचं विचारलंय.

खुराडेवाला:
संबंध आहे म्हणून तर विचारलं. कोंबडा वयात आला की टेस्टोस्टेरॉनमुळे तुरा लाल होतो तशीच पोटाची, छातीखालची, पंखाखालची उघडी कातडीही लाल होते. पिसं विरळ असतील आणि ऊन लागत असेल तर आणखी. हात लावून बघा. कातडी मऊ, सपाट, खपली नाही, सूज नाही, आणि गडी नेहमीसारखा असेल तर तो आजार नाही, तारुण्य आहे :) कोरफडीने जाणार नाही आणि जायची गरजही नाही. मला काळजी मागच्या जागेची वाटतेय, तिच्याबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंय.

जुनी_पेटी:
कोंबड्या अंडी कमी देत असतील तर खुराड्यात दिवा लावा. दिवसाचा उजेड धरून १४ ते १६ तास उजेड मिळाला पाहिजे. आमच्याकडे लगेच फरक पडला.

रातकिडा:
पेटीबाई, प्रश्न कोंबड्याचा आहे, तो कितीही उजेडात अंडी देणार नाही.
धागाकर्ते, आज रात्री तो दांड्यावर बसला की टॉर्च घेऊन जा. रात्री कोंबडा गरीब असतो, मुकाट धरू देतो. काखेत घ्या, शेपटी वर करा आणि मागच्या जागेभोवतालची पिसं बोटांनी फाकवून पार बुडापर्यंत बघा. नराचं गुदद्वार तसंही लहान, गोल आणि कोरडंच असतं, अंडी देणाऱ्या कोंबडीसारखं रुंद, ओलसर नसतं, त्यामुळे ते आवळलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. बघायचं ते पिसांच्या मुळाशी.

पिसारा:
एवढा खटाटोप कशाला, हे सरळ बुरशीचं लक्षण आहे. कॅन्डिडा. ती कोंबड्यालाही होते.

रातकिडा:
होते ना. पण तेव्हा पांढरट-पिवळा चिकटा असतो, पिसं एकमेकांना डकलेली असतात आणि घाणेरडा आंबूस वास असतो. यांनी वासाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. तुमच्या कोंबडीला जे झालं ते जगातल्या प्रत्येक पक्ष्याला झालेलं नसतं.

आळशी_अंडं:
आत्ताच बघून आलो. वास नाही. पिसांच्या बुडाशी काळपट-राखाडी थर होता, मला वाटलं वाळलेली शिट, म्हणून ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर तो थर चालायला लागला!! टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, माझ्या मनगटावर चढले. हे काय आहे? उवा?

रातकिडा:
नाही, माइट, गोचिडीच्या जातीचे बारीक जीव. उवा पिवळसर, चपट्या, डोळ्यांना नीट दिसतील एवढ्या असतात, झपझप पळतात आणि त्यांच्या अंड्यांचे पांढरे गठ्ठे पिसाच्या मुळाला साखरेच्या खड्यांसारखे चिकटलेले दिसतात. तुमच्याकडचे माइट रक्त पिणारे दिसतायत, अंगावरच राहणारे, ज्यांची वस्ती मागच्या जागेभोवतीच जास्त असते. पिसं काळी दिसतात ती त्यांच्या विष्ठेने. दुसरे लाल माइट, ते दिवसा दांड्याच्या फटीत लपतात आणि रात्रीच अंगावर येतात. उद्या दुपारी परत बघा, दिवसाही अंगावर सापडले तर पहिले.

मातीतला_माणूस:
रॉकेलाचा बोळा फिरवा, एका फटक्यात साफ. आमचे आजोबा तेच करायचे.

खुराडेवाला:
अहो नका हो! रॉकेलाने कातडी भाजते. आजोबांचे किती कोंबडे त्याने गेले ते आजोबांनी मोजलं नसेल. कुत्र्याच्या पिसवांचं फिप्रोनिलही कुणी सुचवू नका, अंड्यात उतरतं. २०१७ मध्ये युरोपात याच कारणाने लाखो अंडी नष्ट करावी लागली होती, तिथेही कोंबड्यांच्या माइटवरच वापरलं होतं.
पक्ष्यांसाठीची पर्मेथ्रिन ही कीटकनाशक पावडर आणा, पाकिटावर अंड्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. मागच्या जागेभोवती, पंखाखाली, मानेशी पिसांच्या आत चोळून लावा, डोळे आणि नाक सोडून. सातही कोंबड्यांना लावायची, कारण त्या त्याच्याच शेजारी झोपतात. आणि ७ ते १० दिवसांनी परत, कारण पावडरीने माइटची अंडी मरत नाहीत, नंतर फुटतात. दुसरा हात विसरला की पहिला फुकट.

पिसारा:
केमिकलशिवाय डायटोमेशियस अर्थ आहे की, सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची ती पावडर.

खुराडेवाला:
आहे, पण धुळीने पक्ष्याच्या आणि तुमच्याही फुप्फुसाला त्रास होतो, आणि अंगावर एवढी वस्ती झाल्यावर ते पुरत नाही. कोरड्या मातीचा खड्डा ठेवा लोळायला, तेवढं चांगलं.

चोच_आणि_चार:
घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन तिच्यापासून लांब ठेवा, मांजराला ते विषारी असतं. बाकी तुऱ्याचा प्रश्न कुणीतरी विचारला होता, उत्तर आलंच नाही. रक्त जास्त पिलं गेलं की तुरा फिकट पडतो.
शिवाय कोंबड्याला लेअर फीड? त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, अंडं न देणाऱ्या नराला एवढं लागत नाही, वर्षानुवर्षं दिलं तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, कोंबड्या लागेल तेवढा खातात.

जुनी_पेटी:
कोंबड्याची नखं कापायची असतील तर काय करता?

रातकिडा:
पेटीबाई, वेगळा धागा काढा.

आळशी_अंडं:
तुरा लाल आहे, चांगला टरटरीत. मांजर आहे, बाहेर फिरणारी, म्हणून पावडर लावली त्या दिवशी तिला घरातच कोंडली, तिने त्याचा सूड माझ्या उशीवर घेतला.
आज नववा दिवस. दुसरा हात परवा दिला. दुपारीही अंगावरच सापडले होते, म्हणजे पहिल्या जातीचेच. आता बुडाशी चालणारं काही दिसत नाही, काळी पिसं तशीच आहेत पण कोरडी. दोन कोंबड्यांवरही सापडले होते, त्यातल्या एकीवर अगदी थोडे. पोट अजून लालच आहे, तेव्हा ते तारुण्यच मानतो. डॉक्टरांना सोमवारी दाखवला, म्हणाले ग्रोअर चालू करा.
एकच प्रश्न उरलाय, माझ्या मनगटाची खाज अजून जात नाही, ते माइट माझ्यावर राहतात का?

रातकिडा:
राहत नाहीत, चावून जातात. कपडे गरम पाण्यात धुवा. आणि ते माणसांचं मलम आता स्वतःच्या मनगटाला लावू नका, ते बुरशीवरचं आहे.