प्रशिक्षकाला स्वतःचा रिंक कशासाठी हवा? तमारा मोस्कविना यांच्या निमित्ताने

टोरोंटोकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मुलगी फिगर स्केटिंग शिकत असल्यामुळे पहाटेच्या अंधारात तिला रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पोहोचवणे हा आमच्या घरचा नित्यक्रम झाला आहे. संध्याकाळचे सगळे तास हॉकीवाल्यांनी आधीच अडवून ठेवलेले असतात, आणि उरलेल्या अडनिड्या वेळेसाठीही बर्फाचे भाडे असे लागते, की प्रशिक्षकांचे शुल्क त्यापुढे बरे वाटावे.

या पार्श्वभूमीवर सेंट पीटर्सबर्गच्या फिगर स्केटिंग प्रशिक्षिका तमारा मोस्कविना यांच्याविषयी वाचत होतो. त्यांच्या हाताखालच्या चार जोड्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, आणि एवढे सगळे झाल्यावर, वयाची पंचाहत्तरी उलटून गेल्यावर, त्यांच्या नावाचा क्लब आणि त्या क्लबचा स्वतःचा रिंक उभा राहिला. ज्या वयात माणसे सत्कार स्वीकारतात, त्या वयात वीज, यंत्रे, बर्फ आणि नोकरमाणसे यांचा व्याप कोणी का मागे लावून घ्यावा? स्वतःचा बर्फ असल्याने प्रशिक्षकाच्या कामात नेमका काय फरक पडतो, हे जाणकारांनी सांगावे.

नेवाकाठ यांचे उत्तर

व्याप उतारवयातला दिसत असला, तरी त्याचे मूळ बरेच जुने आहे. मोस्कविना यांचा जन्म २६ जून १९४१ चा, लेनिनग्राडमधला, म्हणजे जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर चौथ्या दिवशीचा. १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षे त्या एकेरीत सोव्हिएत विजेत्या होत्या. नंतर जोडी स्केटिंगकडे वळून अलेक्सेई मिशिन यांच्यासह त्यांनी १९६९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. (हेच मिशिन पुढे ऑलिंपिक विजेते प्लुशेन्को यांचे गुरू म्हणून जगाला माहीत झाले.) उंची पाच फुटांच्याही आत, आणि जोडीला अध्यापनशास्त्रातली पदवी. दोघांचेही प्रशिक्षक असलेले इगोर मोस्कविन हे त्यांचे पती. त्यांचे २०२० मध्ये, नव्वदी पार केल्यावर, निधन झाले.

सोव्हिएत काळात प्रशिक्षकाला बर्फाचे भाडे ठाऊकच नव्हते. क्रीडासंस्था तास ठरवून देत असे, आणि त्या वेळापत्रकात राष्ट्रीय संघातल्या जोड्यांचा मान पहिला असे. १९८४ मध्ये वालोवा आणि वासिलिएव, तर १९९२ मध्ये मिश्कुत्योनोक आणि दिमित्रिएव ही सुवर्णपदके त्या व्यवस्थेच्या पायावर आली. पुढे देश विघटित झाला, सरकारी पैसा आटला, आणि चांगल्या बर्फाचा तास ही विकत घ्यायची वस्तू झाली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण काझाकोवा आणि दिमित्रिएव यांना, रौप्य बेरेझनाया आणि सिखारुलिद्झे यांना, म्हणजे पहिली दोन्ही पदके मोस्कविना यांच्याच शिष्यांना मिळाली. तरीही त्यानंतर त्यांनी मुक्काम हलवला तो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकच्या रिंकवर. जगातल्या पहिल्या दोन जोड्या ज्यांच्याकडे आहेत, त्या बाईंनी बर्फासाठी समुद्र ओलांडावा, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

उरलेले अर्धे जोडी स्केटिंगच्या स्वरूपात आहे. रिंक साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. एकेरीतला खेळाडू गर्दीतूनही वाट काढून उडीचा सराव करू शकतो. परंतु डोक्यावर जोडीदारीण पेललेला माणूस वेगात येत असताना वाटेत कोणी आले, तर त्याला थांबताही येत नाही आणि वळताही येत नाही. दोघांतले अंतर चुकले तर काय होते, हे एलेना बेरेझनाया यांच्या बाबतीत दिसले. जानेवारी १९९६ मध्ये रीगा येथे सरावात, शेजारी शेजारी गिरक्या घेताना, तेव्हाच्या जोडीदाराच्या स्केटचे पाते त्यांच्या डोक्यात घुसले. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, वाचा गेली, बोलणे नव्याने शिकावे लागले. मोस्कविना यांनी त्यांना सिखारुलिद्झे यांच्यासोबत पुन्हा बर्फावर उभे केले, आणि दोन वर्षांत ही जोडी जागतिक विजेती झाली. २००२ मधले त्यांचे सुवर्ण पंचांच्या वादामुळे कॅनडाच्या जोडीबरोबर विभागले गेले. त्या प्रकरणातून गुणदानाची सगळी पद्धतच बदलली, पण तो विषय वेगळा आहे.

अशा खेळाडूला पुन्हा शिकवायचे, तर मोकळा बर्फ हवा, आणि घड्याळाकडे न पाहता हवा. तास संपला म्हणून बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र मैदानात येऊन उभे राहिले, की तुमचे शिकवणे तिथेच तुटते. माझ्या मते मोस्कविना यांनी उतारवयात मिळवला तो हा न तुटणारा वेळ. मिशिना आणि गालियामोव २०२१ मध्ये स्टॉकहोमला जागतिक विजेते झाले, त्याच स्पर्धेत बोइकोवा आणि कोझलोव्स्की तिसरे आले. दोन्ही जोड्या त्यांच्याच, आणि तेव्हा बाईंची ऐंशी पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते.

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

नेवाकाठ यांच्या विवेचनात एका जुन्या गोष्टीची भर घालावीशी वाटते. प्रशिक्षक आणि रिंक यांचे नाते एके काळी याहून घट्ट होते, आणि त्याचे कारण होते बर्फावर कोरायच्या आकृत्या. आठाचा आकडा आणि त्याचे नाना प्रकार एका पायावर, त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा गिरवायचे, आणि मग पंचांनी खाली वाकून ती रेघ तपासायची. १९६८ पर्यंत एकूण गुणांतले ६० टक्के या आकृत्यांना होते. त्यांच्या सरावाला ताजा, ओरखडा नसलेला बर्फ लागे, म्हणून रिंकवाले पृष्ठभागाचे पट्टे पाडून एकेका खेळाडूला एकेक पट्टा तासावर देत. प्रशिक्षक त्या पट्ट्यांमधून हिंडत शिकवत असे.

लंडनमध्ये या पद्धतीवर गेर्शविलर बंधूंची हयात गेली. थोरले जाक १८९८ चे, मूळचे स्वित्झर्लंडचे, आणि वारले २००० साली, म्हणजे शंभरी पार करून. १९३७ ची जागतिक विजेती सिसिलिया कॉलेज आणि १९५२ ची ऑलिंपिक विजेती जॅनेट आल्टवेग या त्यांच्या शिष्या. यांपैकी आल्टवेग यांची तर ख्यातीच आकृत्यांसाठी होती. ते सुवर्ण त्यांनी आकृत्यांमधल्या आघाडीच्या बळावर राखले. धाकटे आर्नोल्ड रिचमंडच्या रिंकवर शिकवत, आणि १९६४ ची ऑलिंपिक विजेती शाउक्ये डाइकस्ट्रा त्यांच्याकडे तयार झाली. रिचमंडचा तो रिंक पहिल्या महायुद्धात बेल्जियन निर्वासितांनी चालवलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या इमारतीत १९२८ मध्ये सुरू झाला होता.

१९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या गेल्या आणि पट्ट्यांचा धंदाही बसला. रिचमंडचा रिंक १९९२ मध्ये बंद झाला. तिथे आता नदीकाठचे फ्लॅट आहेत. अर्थात त्यामागे जागेच्या किमतीचा हात अधिक असावा.

टोरोंटोकर

दोघांचेही आभार. आमच्या गावच्या प्रशिक्षिका एलेन बुर्का यांचे उदाहरण मात्र याच्या उलट दिसते. नाझी छळछावण्यांमधून वाचून त्या कॅनडात आल्या, मुलगी पेट्रा हिला त्यांनी १९६५ ची जागतिक विजेती केले, आणि २०१६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्या गेल्या. त्यांना स्वतःच्या रिंकची गरज भासली नाही.

हिशेबनीस यांचे उत्तर

त्यांच्या पाठीशी टोरोंटोचा जुना आणि सधन क्लब होता, हे विसरू नका. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या क्लबात कोणाला किती वेळ द्यायचा, हे क्लब ठरवतो. बाजार ठरवत नाही. म्हणजे बुर्का यांनाही हक्काचा बर्फ होताच, फक्त तो त्यांच्या नावावर नव्हता.

मात्र मालकीचे जे गुणगान वर झाले आहे, त्याला माझी थोडी हरकत आहे. रिंकचा मालक म्हटले की मला फ्रँक झांबोनी आठवतात. घरोघरी फ्रीज आल्यावर बर्फाच्या लाद्यांचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी भावाबरोबर कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट येथे १९४० मध्ये रिंक काढला. पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करायचा, तर तो खरवडायचा, चुरा फावड्याने उचलायचा, धुवायचा आणि मग पाण्याचा थर द्यायचा. या कामात तीन-चार माणसे आणि तासाहून अधिक वेळ जाई, आणि तेवढा वेळ तिकिटे बंद. त्या नुकसानीपायी झांबोनी अनेक वर्षे खटपट करत राहिले, आणि १९४९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध यंत्र तयार केले. मालकाचे लक्ष असे घड्याळाकडेच असते. ज्या प्रशिक्षकाला तिकिटांवर आणि हॉकीच्या भाड्यावर रिंक चालवायचा आहे, तोही संध्याकाळचा तास हॉकीलाच देईल आणि स्वतःच्या शिष्यांना पहाटे बोलावील. मोस्कविना यांचे तसे होत नाही, कारण त्यांच्या क्लबामागे मोठ्या नावाचे वजन आहे. सामान्य प्रशिक्षकाने त्यांच्याकडे पाहून कर्ज काढू नये.

टोरोंटोकर, आपल्या अडचणीपुरते सांगायचे, तर उन्हाळ्यात हॉकीचा हंगाम संपल्यावर जे रिंक चालू राहतात, तिथे संध्याकाळच्या वेळा मिळण्याची शक्यता बरीच असते. तीन-चार पालकांनी मिळून प्रशिक्षकांसह सलग तास घेतला, तर भाडेही विभागले जाते. मार्चमध्येच चौकशी करून ठेवा.