तारवट्याच्या घरातला क्वाड सेट: चालू करू की नको? जाणकारांनी सांगावं

डिचोलीकार_नवखो

नमस्कार मंडळी. बाबांचे एक जुने दोस्त बार्देसातले, आयुष्यभर बोटीवर होते. गेल्या वर्षी वारले. मुलं परदेशात, घर रिकामं करायला काढलंय. त्यांच्या सुनेने फोन करून सांगितलं, "भंगारअड्ड्यावर देण्याआधी तुम्ही बघून जा." बाबा बघून आले आणि टेम्पोच घेऊन गेले!

आता आमच्या पडवीत आहे ते असं: सान्सुई क्यूआरएक्स-७००१ (क्वाड म्हणजे चार चॅनेलचा रिसीव्हर, दोघांनी उचलावा लागतो), चार स्पीकर, त्यांतल्या दोघांच्या खोक्यांना खालून वाळवी, एक गॅरार्डचा जुना चेंजर (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारा टर्नटेबल) आणि साधारण साठ एलपी. एलपींपैकी नऊ-दहांवर एसक्यू, क्यूएस किंवा क्वाड्राडिस्क असं छापलंय. बाकी आजीच्या नाट्यसंगीताच्या काही ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आमच्याच घरातल्या.

प्रश्न तीन. १) सरळ प्लग लावून बघू का? २) ही एसक्यू-क्यूएस भानगड काय आहे, आणि सगळ्या एलपी एकाच सुईवर चालतात का? ३) जॅकेटांवर आणि तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे, कशी काढू? दुरुस्तीसाठी गोव्यात कोणाकडे द्यावं हेही सांगा. बजेट बेताचं आहे.

खरखर

प्लग लावू नका.

सविस्तर संध्याकाळी लिहितो, पण तोवर लावू नका. बाबांनाही सांगून ठेवा, त्यांचा हात शिवशिवत असेल.

फोंडेकार

वाचतोय. आमच्याकडे असं कुणी फोन करत नाही. आम्हाला फक्त फणस न्यायला बोलावतात.

खरखर

हां, आता सविस्तर.

आधी मागची बाजू बघा. बोटीवरच्या लोकांनी माल कुठे घेतला त्यावर सगळं अवलंबून. जपानात घेतला असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकेत असेल तर १२०. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांसाठी केलेल्या सेटना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो असेल आणि त्यावर २४० असेल तर २४० वर ठेवा, कारण आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढतं. सिलेक्टर नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणार.

मग झाकण काढा. पेंटब्रशने धूळ झाडा. माझ्या सेटमध्ये पालीची सात अंडी आणि एक वाळलेली पाल निघाली होती, बरोबर आउटपुट ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकवर. ऊब आवडते त्यांना.

आणि भर जुलैत काही करूच नका. दहा-पंधरा दिवस सेट कोरड्या खोलीत ठेवा. कपाटात बल्ब लावून जुने लोक कॅमेरे ठेवायचे तसं मोठ्या कपाटात ठेवलंत तर उत्तम. बल्ब सेटपासून लांब, आणि घरात कुणीतरी असतानाच.

त्यानंतर सिरीज बल्ब. जुना फिलामेंटचा १०० वॉटचा बल्ब सेटच्या लाइनमध्ये सिरीजला. एलईडी चालत नाही. दुकानात मिळाला नाही तर पोल्ट्रीवाल्याला विचारा, पिल्लांना ऊब द्यायला ते अजून वापरतात. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सरळ २३० वर लावला असतात तर बल्बऐवजी सेट पेटला असता, एवढाच फरक.

या सगळ्यात स्पीकर जोडायचे नाहीत. बल्ब मंद झाल्यावर मीटरने चारही स्पीकर टर्मिनलवर डीसी बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. व्होल्टमध्ये असेल तर स्पीकरची कॉइल जळेल.

सुई_टोचरे

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, हा माझा आवडता आजार आहे.

चार चॅनेल एका खाचेत बसवायचे दोन रस्ते होते. पहिला मॅट्रिक्स: चारांचे दोन करून खाचेत घालायचे, आणि ऐकताना दोनांचे पुन्हा चार काढायचे. सीबीएसचा एसक्यू आणि सान्सुईचा क्यूएस हे त्यातले, दोन्ही १९७१ च्या सुमाराचे. दोनांचे चार काढताना आवाज एकमेकांत गळतोच. साध्या एसक्यू डीकोडरमध्ये पुढचं डावं-उजवं छान वेगळं राहतं, पण मधला गायक मागूनही ऐकू येतो. साध्या क्यूएसमध्ये शेजारच्या कुठल्याही दोन स्पीकरांत फरक जेमतेम ३ डेसिबल. म्हणून मग लॉजिक आलं: जिथून आवाज जोरात तिथे सर्किट कल देतं. तुमच्या सेटमध्ये सान्सुईचं व्हॅरिओ-मॅट्रिक्स आहे, ते यातलं नावाजलेलं. नशीब काढलंत.

दुसरा रस्ता जेव्हीसीचा सीडी-४. (काँपॅक्ट डिस्कशी काही संबंध नाही, दर वेळी कुणीतरी विचारतं.) क्वाड्राडिस्क म्हणजे हेच. यात खाचेच्या प्रत्येक भिंतीवर पुढच्या-मागच्याची बेरीज साध्या आवाजासारखी कोरलेली, आणि वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर (कानाला न ऐकू येणाऱ्या वाहक लहरीवर) चढवलेली. म्हणजे सुईला ४५ किलोहर्ट्झपर्यंतचं वाचावं लागतं, जिथे माणसाचा कान २० लाच संपतो. साधी गोल टोकाची सुई तिथे पोचतच नाही. त्याच गरजेतून जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी शिबाता टोक काढलं. क्वाड गेलं, टोक राहिलं. आजही महागड्या कार्ट्रिजवर (सुई धरणारा, तिच्या थरथरीचं विजेत रूपांतर करणारा भाग) ते नाव दिसतं.

म्हणून हात जोडून सांगतो: क्वाड्राडिस्क त्या गॅरार्ड चेंजरवर लावू नका. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर पाच-सहा ग्रॅमचा भार घेऊन ती खाच नांगरते. कॅरिअर एकदा घासला गेला की परत येत नाही, मग मागच्या स्पीकरांतून वाळूत कागद घासल्यासारखं ऐकू येतं.

आता काय घ्यावं? माझं मत: आत्ता सीडी-४ साठी काहीच घेऊ नका. शिबाता सुई, वर जाऊ शकणारं कार्ट्रिज, आणि टर्नटेबलपासून सेटपर्यंतची वायर अशी की एकूण कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या आत. आजच्या बऱ्याच टर्नटेबलांची वायर यात बसत नाही. एवढं करून तबकडी आधीच घासलेली निघाली तर पैसे पाण्यात. आधी एक चांगला स्टिरिओ टर्नटेबल, एलिप्टिकल सुई, आणि एसक्यू-क्यूएसच्या एलपी ऐका. चटक लागली तर पुढचं पुढे.

बाहेरून टर्नटेबल आणणार असाल तर एक बघा. एसी सिंक्रोनस मोटरचा अमेरिकन टर्नटेबल ६० हर्ट्झचा असतो. आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ चे साधारण २७.८ फेरे होतात. गायिका गायक होते. पुली बदलावी लागते. सर्व्हो मोटरच्या डायरेक्ट ड्राइव्हला हा त्रास नाही.

मांडवीकाठ

दुरुस्तीबद्दल कळवळून लिहितोय. माझा सेट (मॉडेल नको विचारू, आठवलं की पोटात गोळा येतो) सात वर्षांपूर्वी एका ठिकाणी दिला. नाव घेत नाही. तीन महिन्यांनी फोन आला, "झालं तुमचं काम." घरी आणून लावला तर पुढचे दोन स्पीकर झकास, मागचे मुके. परत गेलो. तो म्हणाला, "ती मधली पाटी खराब होती, काढून टाकली. दोन चॅनेल पुरे झाले की, गाणं तर ऐकू येतं ना?"

मधली पाटी म्हणजे डीकोडर बोर्ड. भंगारात गेला होता.

तेव्हा कुणाकडेही द्या, देण्याआधी आतले फोटो काढा, आणि कागदावर लिहून द्या की जुना एकही भाग टाकायचा नाही, पिशवीत घालून परत द्यायचा. कंडेन्सर बाजारात मिळतात. डीकोडरमधल्या त्या काळच्या आयसी नव्या बनत नाहीत.

डिचोलीकार_नवखो

मांडवीकाठ, वाचून बाबा दोन मिनिटं गप्प बसले. फोटो काढून ठेवतो.

सिलेक्टर आहे आणि २४० सुद्धा आहे! तबकड्यांचं कुणी सांगेल का?

फणसाचो_साट

बुरशीच्या तबकड्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा. कागदी आतली पाकिटं फेकून द्या, बुरशीचं घर तेच. नवी पॉलिथिनची घ्या. जॅकेट मात्र फेकू नका. सावलीत वाऱ्यावर ठेवून कोरड्या ब्रशने झाडायचं, घराबाहेर, नाकाला फडकं बांधून.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. नळाचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात.

आजीच्या ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. माझ्या हातून एक गेली आहे. बोटाला काळं लागलं तेव्हा कळलं.

आणि उभ्या ठेवा. आडव्या चळतीत खालच्या वाकतात.

फोंडेकार

माझ्याकडे सान्सुई नाही, नशीबही नाही. पण साधा स्टिरिओ अँप आणि माळ्यावर दोन जास्तीचे स्पीकर आहेत. मला काही करता येईल का, की फणसच खाऊ?

सुई_टोचरे

येईल, आणि फुकटात. डेव्हिड हॅफलरची जुनी युक्ती आहे. पुढचे स्पीकर नेहमीसारखे. मागच्या डाव्याचा प्लस अँपच्या डाव्या प्लसला, मागच्या उजव्याचा प्लस उजव्या प्लसला. मागच्या दोघांचे मायनस फक्त एकमेकांना जोडायचे, अँपला नाही. मग मागे डाव्या-उजव्यातला फरक तेवढा वाजतो. थेट मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या आणि सभागृहाचा घुमारा मागे जातो. खरं क्वाड नाही, पण पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस मान वळवून बघतोच.

अट एकच: अँपचे दोन्ही मायनस आत एकच असले पाहिजेत. हल्लीच्या छोट्या डिजिटल अँपमध्ये बऱ्याचदा तसं नसतं, त्यावर केलंत तर अँप जाईल. मॅन्युअल बघून करा.

घरी होम थिएटर असेल तर आणखी एक. त्यात डॉल्बी प्रो लॉजिक २ (स्टिरिओतून सराउंड आवाज काढणारा डीकोडर) असेल तर त्यावर क्यूएसची एलपी बऱ्यापैकी उलगडते. एसक्यूची नाही, तिचं फेजचं गणित निराळं.

खरखर

सामानाबद्दल राहिलं होतं. कंडेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण नामांकित कंपनीचं लेबल लावलेले नकलीही मिळतात. अधिकृत वितरकाकडून ऑनलाइन मागवा, चार पैसे जास्त जातील. चोर बाजारात हौस म्हणून जा. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात मला आजवर एक रिकामं जॅकेट मिळालंय. गोव्यात माल निघतो तो असाच, घरं रिकामी होताना. तेव्हा भंगारवाल्याशी ओळख ठेवा.

स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरच मारा. गंज सोडवायचा स्प्रे किंवा पेट्रोल मारणारे कारागीर बघितलेत मी. चार दिवस छान चालतं, मग धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट.

डिचोलीकार_नवखो

(तीन आठवड्यांनी) सगळ्यांना कळवायचं राहिलं.

बल्ब पेटला, मंद झाला. बाबांनी टाळी वाजवली. डीसी तीन चॅनेलवर २० मिलिव्होल्टच्या आसपास, मागच्या उजव्यावर ३५. पण तो मागचा उजवा वाजतच नव्हता. खरखरकाकांचं ऐकून मोडच्या स्विचमध्ये क्लीनर मारला आणि तो पन्नासएक वेळा इकडून तिकडे फिरवला. अठ्ठेचाळिसाव्या वेळी वगैरे भसकन आवाज आला. जुने कंडेन्सर पावसाळ्यानंतर बदलणार, तोवर रोज अर्धा तासच. वाळवीची खोकी सुताराकडे आहेत, सध्या घरातलेच दुसरे दोन स्पीकर मागे लावलेत. टर्नटेबल मित्राचा, उसना.

एक शंका. काल बाबांनी केसरबाई केरकरांची जुनी मोनो एलपी क्यूएसवर लावली. गाणं पुढून येतं, ते ठीक. पण मागच्या दोन्ही स्पीकरांतून नुसती तडतड, जणू स्वयंपाकघरात कुणी फोडणी देतंय. त्या गात असताना मागचे गप्प, श्वास घेतला की फोडणी! बिघाड आहे का?

सुई_टोचरे

बिघाड नाही. सेट अगदी बरोबर काम करतोय.

मोनो तबकडीत गाणं डाव्या-उजव्या भिंतीवर सारखंच असतं, म्हणून डीकोडर ते पुढे मधोमध ठेवतो. चरे आणि धूळ सुईला वर-खालीही उडवतात. स्टिरिओ कार्ट्रिजमध्ये ती हालचाल दोन्ही चॅनेलवर उलट्या फेजमध्ये येते, आणि उलट्या फेजचं म्हणजे "मागचं" असं क्यूएसचं गणित आहे. गाणं जोरात असलं की व्हॅरिओ-मॅट्रिक्स पुढे कल देतं, थांबलं की मागचं मोकळं होतं. पन्नास वर्षांचं लॉजिक सर्किट जिवंत आहे याची याहून चांगली चाचणी नाही.

मोनोसाठी मोडचा स्विच २-चॅनेलवर न्या, फोडणी बंद. आणि ती एलपी एकदा धुवा.

डिचोलीकार_नवखो

धुतली. फोडणी निम्मी झाली. बाबा स्विच फिरवू देत नाहीत, म्हणतात असू दे, केसरबाईंच्या केरी गावच्या देवळात पाऊस पडतोय असं वाटतं.