पत्र्यातले तंतू ‘घट्ट बसलेले’ असतात, पण कोणासाठी?

हवामोजणी (धागाकर्ता):
ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, हवेत येत नाहीत." छताखाली बसणाऱ्यापुरतं हे बरंचसं खरं आहे. वर चढून ग्राइंडर चालवणाऱ्यासाठी साफ खोटं. पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के क्रायसोटाइल (पांढरा ॲस्बेस्टॉस), बाकी बहुतेक सिमेंट. चकती फिरली की दोन्हींची धूळ एकदमच उडते, तीही तोंडापासून हातभर अंतरावर. वर मोजमाप ८ तासांच्या सरासरीवर! अमेरिकेतली कामाच्या जागच्या हवेची मर्यादा घनसेंटिमीटरला ०.१ तंतू आहे. समजा, कापताना १० मिनिटं हवेत ४ तंतू होते आणि उरलेला दिवस शून्य. सरासरी ०.०८, म्हणजे पास. पत्रा वाईट की चांगला हा वाद सोडा, त्यावर काम काय चाललंय ते विचारा.

आकडेमोड्या:
उदाहरण अर्धवट दिलंत. तिथेच ३० मिनिटांच्या सरासरीसाठी १ तंतू अशी वेगळी मर्यादा आहे. तुमचं गणित तिथे १.३ येतं, म्हणजे नापास. नियम करणारे इतकेही भोळे नसतात. आणि धड असलेला पत्रा उतरवायला लावणं म्हणजे नसलेली धूळ स्वतःहून उडवणं.

हवामोजणी:
३० मिनिटांचं माझ्याकडून राहिलं, मान्य. पण ती मर्यादा पकडायची तर नेमक्या त्याच वेळी कामगाराच्या कॉलरला हवेचा नमुना घेणारा फिल्टर आणि कमरेला त्याचा पंप हवा. एका पत्र्याचा कोपरा कापायला कोण पंप आणतं? आणि ‘धड’ किती वर्षं? पावसाने वरचं सिमेंट झिजतं, तंतू उघडे पडतात, पन्हळीत गाळ साचतो. मग कोणीतरी शेवाळ काढायला जोराच्या दाबाने पाणी मारतो आणि तो सगळा गाळ चहूकडे उडतो.

परांचीवाला:
मी पत्र्याचंच काम करतो. तुम्ही दोघं धुळीवर भांडताय, पण पत्र्यावरचा माणूस आधी जातो तो पाय आरपार जाऊन. जुना पत्रा वजन घेत नाही. धूळ उडू नये म्हणून ‘ओलं करून काढा’ म्हणतात, ओल्या पत्र्यावर एकदा उभं राहून बघा. आमच्याकडे एकदा नळी आणली, एक जण घसरला, दुसऱ्या दिवसापासून नळी बंद. तेव्हापासून तोंडाला रुमाल.

हवामोजणी:
रुमालाने हे तंतू अडत नाहीत, इतके बारीक असतात. पडण्याबद्दल तुमचंच बरोबर. म्हणूनच खालून परांची बांधून काम करायचं, बोल्ट कापायचे, पत्रा नाही. अख्खा उतरवायचा, वरून फेकायचा नाही. एकाच उपायात दोन्ही धोके कमी.

परांचीवाला:
परांचीचा खर्च आणि दुप्पट दिवस कोण देणार ते पण लिहा.

आकडेमोड्या:
बोल्टचं पटलं. पण पांढरा क्रायसोटाइल निळ्या ॲस्बेस्टॉसइतका घातक नाही, हे का टाळता?

हवामोजणी:
टाळत नाही. मेसोथेलिओमाच्या (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या) बाबतीत निळा जास्त वाईट, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळे प्रकार पहिल्याच गटात टाकलेत, म्हणजे माणसात कर्करोग करणारे. आणि हा आजार २० ते ५० वर्षांनी उगवतो. आज कापणारा ठणठणीत दिसतो, त्यावरून काहीच ठरत नाही.

आकडेमोड्या:
मग नवे ॲस्बेस्टॉसविरहित पत्रे कापताना सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) धूळ उडते, त्याचं काय? तिनेही फुप्फुसं जातातच. तिथेही तोच ग्राइंडर.

हवामोजणी:
तेच तर पहिल्यापासून सांगतोय.

परांचीवाला:
एक विचारायचं होतं. कामाचे कपडे घरी नेतो, घरात झटकून धुतले जातात. चालतं का?

हवामोजणी:
नाही. कोरडे झटकू नका, घरी नेऊच नका. कामाच्या जागीच बदला. अशा कपड्यांमुळे घरातली माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत.